१.७ किलोची खुर्ची: जिओ पोंती आणि कासिना

कासिना या इटालियन फर्निचर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ६९९ हा क्रमांक एका साध्या लाकडी खुर्चीचा आहे. ॲश लाकडाचा सांगाडा, वेताने विणलेली बैठक, हात नाहीत, गादी नाही. नाव सुपरलेज्जेरा, म्हणजे ‘अतिहलकी’, आणि वजन १.७ किलो. १९५७ पासून ती बनते आहे. एका लहान मुलाने ती बोटावर उचलून धरली आहे, असा तिच्या जाहिरातीचा फोटो डिझाइनच्या पुस्तकांत इतक्या वेळा छापला गेला आहे, की खुर्चीपेक्षा फोटोच जास्त लोकांनी पाहिला असेल.

या खुर्चीबद्दल नेहमीची मांडणी अशी असते: पोंतीसारख्या मोठ्या वास्तुरचनाकाराला कल्पना सुचली, त्याने चित्र काढलं, कासिनाने ते बनवलं. मला हे उलटं वाटतं. एवढी हलकी खुर्ची कागदावर काढता येत नाही. कागदावर पाय कितीही बारीक दाखवा, कागद मोडत नाही. कुठे किती लाकूड काढलं तर चालतं, हे फक्त एकामागून एक नमुने बनवून आणि मोडूनच कळतं. त्यासाठी वर्षानुवर्षं नमुने बनवत राहायला तयार असलेला कारखाना लागतो. सुपरलेज्जेराचं खरं भांडवल हेच होतं.

कासिना ही मेदा गावची कंपनी. मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्झा नावाचा पट्टा आहे; तिथे घराघरांत सुतार, खरादी, गादीवाले. चेझारे आणि उम्बेर्तो या कासिना भावांनी १९२७ मध्ये व्यवसाय सुरू केला. पहिली वीस वर्षं तो ब्रिआन्झातल्या इतर कारखान्यांसारखाच होता. फरक पडला तो युद्धानंतर, प्रवासी जहाजांच्या फर्निचरची कामं मिळू लागल्यावर. घरासाठी सहा खुर्च्या करताना सहावी थोडी वेगळी झाली तरी खपते. जहाजावर एकसारख्या शेकडो वस्तू लागतात आणि जहाज सुटायची तारीख हलत नाही. तिथे मापं, जिग (भाग एकसारखे कापण्या-जोडण्यासाठीचे साचे), कामाचा क्रम हे सगळं पक्कं करावं लागतं. हाताचं कौशल्य आधीचंच होतं. एकच गोष्ट हजार वेळा तशीच करण्याची शिस्त जहाजांनी लावली. १९५६ मध्ये बुडालेल्या आंद्रेआ दोरिया या जहाजाच्या अंतर्भागाच्या कामात पोंतीही होता.

पोंती तोवर साठीकडे झुकला होता (जन्म १८९१, मिलान). कारखान्यात वावरणं त्याला नवीन नव्हतं. १९२३ ते १९३० तो रिचर्ड-जिनोरी या चिनीमातीच्या कंपनीचा कलाविषयक संचालक होता. १९२८ मध्ये त्याने दोमुस हे मासिक सुरू केलं. भट्टीत काय तडकतं, साचा किती वेळा वापरता येतो, हे कळणारा माणूस सुताराशी वेगळ्या भाषेत बोलतो. कासिनाशी त्याचं काम १९५० च्या आसपास सुरू झालं. त्यातून दिस्टेक्ससारखी (१९५३) ऐसपैस गादीची आरामखुर्चीही निघाली. ती ऐटदार आहे, पण तिच्यात शिकण्यासारखं फारसं नाही. म्हणून इथे फक्त हलक्या खुर्चीबद्दल.

कियावारीची उसनवारी

पोंतीने सुरुवात कोऱ्या पाटीवर केली नाही. इटलीतल्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर कियावारी नावाचं गाव आहे. तिथल्या जुझेप्पे गाएतानो देस्काल्त्सी या सुताराने १८०७ मध्ये एक हलकी खुर्ची घडवली. मार्क्वीस स्तेफानो रिवारोला याने पॅरिसहून काही खुर्च्या आणून स्थानिक कारागिरांपुढे ठेवल्या होत्या, त्यावरून. देस्काल्त्सीने सजावट काढून टाकली आणि प्रत्येक भागावर किती ताण येतो ते पाहून त्याची जाडी ठरवली. चेरीसारखं स्थानिक लाकूड, खिळ्यांशिवाय सरसाने बसवलेले सांधे, विलोच्या पातळ पट्ट्यांची विणलेली बैठक. दीडशे वर्षं ही खुर्ची लिगुरियात बनत राहिली.

पोंतीने तिचा सांगाडा घेतला: चार पाय, त्यांना बांधणाऱ्या आडव्या दांड्या, शिडीसारखी पाठ, विणलेली बैठक. कियावारीचे पाय खरादावर फिरवलेले, म्हणजे गोल, त्यांवर मणी-कंगोरे. ते त्याने सोडले. पाठीला बैठकीच्या वर एक मागे झुकणारा बाक दिला. त्यामुळे माणूस ताठ न बसता टेकून बसतो.

पहिला टप्पा म्हणजे ६४६ क्रमांकाची लेज्जेरा. १९५२ मध्ये पोंतीने दोमुसमध्ये तिची ओळख करून देताना ही विशेषणांशिवायची खुर्ची आहे, अशी भूमिका मांडली. म्हणजे आधुनिक खुर्ची नव्हे, कलात्मक खुर्ची नव्हे, नुसती खुर्ची. बहुतेक डिझायनर इथे थांबले असते. वस्तू विकली जात होती, नाव झालं होतं. इथून पुढची पाच वर्षं मात्र दोघांनी फक्त लाकूड कमी करण्यात घातली. ६४६ आणि ६९९ शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक पटकन कळत नाही. हात लावला की कळतो.

त्रिकोण का?

सुपरलेज्जेराचे पाय त्रिकोणी छेदाचे आहेत, बाजू सुमारे १८ मिमी, कडा किंचित मारलेल्या, टोकाकडे निमुळते होत गेलेले. हा आकार दिसायला नाजूक आहे म्हणून निवडला, असं लिहिलेलं आढळतं. दिसण्याचा भाग आहेच: कोणत्याही एका बाजूने पाहिलं तरी डोळ्याला पूर्ण जाडी दिसत नाही. पण भूमितीही बघा.

१८ मिमी बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ३२४ चौरस मिमी. १८ मिमी व्यासाच्या वर्तुळाचं सुमारे २५४. १८ मिमी बाजूच्या समभुज त्रिकोणाचं फक्त १४०. चौरसापेक्षा निम्म्याहून कमी लाकूड. अर्थात त्याची ताकदही कमी होते, म्हणून खरी तुलना तेवढंच लाकूड धरून करायला हवी. तशी केली तर समभुज त्रिकोण वाकण्याला चौरसापेक्षा साधारण १५ टक्के आणि वर्तुळापेक्षा साधारण २० टक्के जास्त विरोध करतो. कारण त्रिकोणात लाकूड मध्यापासून लांब, कोपऱ्यांत गेलेलं असतं.

याची किंमत मोजावी लागतेच. वाकताना सगळ्यात जास्त ताण येतो तो कोपऱ्याच्या धारेवर. चौरसात तो ताण पूर्ण बाजूवर पसरतो, त्रिकोणात एका अरुंद कडेवर एकवटतो. म्हणजे पाय कमी वाकतो, पण ती कड ताणाखाली असेल आणि तिच्यात दोष असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. कडा थोड्या गोलसर करण्याचं एक कारण हे. दुसरं कारण रोजचं: धारदार कडेला टवका लवकर जातो.

म्हणूनच या खुर्चीत लाकडाची निवड हा सजावटीचा नव्हे, जीवनमरणाचा प्रश्न आहे. ॲशचे तंतू लांब आणि सरळ असतात. हातोड्यांचे दांडे, वल्ही, पूर्वीच्या लाकडी स्की यांसाठी हेच लाकूड वापरत, कारण ते धक्का पचवतं. पण हा गुण तंतू पायाच्या लांबीला समांतर असतील तोवरच टिकतो. तंतू तिरपे गेले, समजा २५० मिमी लांबीत २५ मिमी बाजूला सरकले, तर वाकण्यातली ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटते. धक्का पचवण्याची ताकद मात्र जवळजवळ ४० टक्क्यांनी जाते. जाड पायाच्या टेबलात एवढा तिरपेपणा खपून जातो. १८ मिमीच्या पायात तसा तंतू १८० मिमी अंतरातच एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. पाय मोडायला वाट तयारच असते. गाठ तर कुठेच चालत नाही, अगदी टाचणीच्या डोक्याएवढीही नाही. या कारणाने अशा खुर्चीसाठी चांगल्या फळीतलंही बरंच लाकूड बाजूला टाकावं लागतं. १.७ किलोच्या वस्तूसाठी किती कचरा होतो, हे कॅटलॉगात नसतं.

जाता जाता: युरोपातल्या ॲशच्या झाडांवर १९९० च्या दशकापासून एक बुरशीजन्य रोग पसरला आहे आणि त्याने जंगलंच्या जंगलं विरळ केली आहेत. सरळ तंतूंचं चांगलं ॲश मिळवणं ही सुतारांची डोकेदुखी वाढतच जाणार.

मोडते कुठे

हलकी खुर्ची पायाच्या मध्यावर क्वचित मोडते. ती सांध्यात हरते.

आडव्या दांडीचं टोक, म्हणजे कुसू, पायाच्या खोबणीत सरसाने बसवलेलं असतं. पायच इतका बारीक, की खोबण खोल करायला जागा नाही. खोल केली तर पायाचा छेद तिथेच पोकळ होतो. उथळ ठेवली तर सरसाला धरायला पृष्ठभाग कमी. त्यात बाजूची दांडी आणि पुढची दांडी एकाच उंचीवर आली, तर दोन्ही खोबणी पायाच्या आत एकमेकींना भिडतात आणि उरतं ते नुसतं साल. म्हणून बारीक पायांच्या खुर्च्यांमध्ये शेजारच्या दोन बाजूंच्या दांड्या वर-खाली सरकवून बसवतात. पाहणाऱ्याला ती लय वाटते. मुळात ती दोन भोकांना चुकवण्याची युक्ती आहे.

दुसरा शत्रू हवा. ॲश आडव्या दिशेने बरंच आकसतं. १० मिमी जाडीच्या कुसवातला ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर ते साधारण ०.१ मिमी बारीक होतं. ऐकायला किरकोळ, पण सरसाचा चांगला थर तेवढाच पातळ असतो. हीटर लावलेल्या खोलीत दोन-तीन हिवाळे गेले की खुर्ची कुरकुरायला लागते. यावर खुर्ची करणाऱ्यांची जुनी रीत आहे: दांड्यांची टोकं पायापेक्षा जास्त सुकवून घ्यायची आणि मग जोडायची. जोडल्यावर कुसू हवेतला ओलावा घेऊन फुगतं, पाय थोडा सुकून आवळतो, आणि सांधा आपणहून घट्ट होतो.

तिसरा शत्रू माणूस. मागच्या दोन पायांवर खुर्ची झुलवली की संपूर्ण वजन दोन सांध्यांवर येतं आणि दर झोक्याला ते उघडतात-मिटतात. सुपरलेज्जेराबद्दल एक गोष्ट सांगतात, की चाचणीसाठी ती चौथ्या मजल्यावरून फेकली आणि ती चेंडूसारखी उसळली. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे: १२ मीटरवरून पडणाऱ्या १.७ किलोच्या वस्तूत जमिनीला भिडताना सुमारे २०० ज्यूल ऊर्जा असते, पाच किलोच्या खुर्चीत जवळजवळ ६००. हलकी वस्तू स्वतःच्या वजनाने मरत नाही. पण फेकणं ही या खुर्चीची खरी परीक्षा नव्हेच. रात्रीच्या जेवणानंतर मागे रेलून गप्पा मारणारा ऐंशी किलोचा पाहुणा, ही परीक्षा.

जुनी खुर्ची ढिली झाली असेल तर स्क्रू मारू नका. इतक्या बारीक पायात स्क्रू म्हणजे पाचरच. तंतू लांबीला फाटतात आणि दुरुस्त होण्यासारखा सांधा कायमचा जातो. सांध्याच्या फटीत वरून सरस ओतणंही फुकट. पांढरा पीव्हीए सरस जुन्या सरसाला धरत नाही, कोऱ्या लाकडाला धरतो.

योग्य क्रम असा. आधी प्रत्येक सांध्यावर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक टाका, डावा-उजवा, वर-खाली. सारख्या दिसणाऱ्या दांड्या क्वचितच अगदी सारख्या असतात. जो सांधा हलतो आहे तोच उघडा. घट्ट असलेल्याला हात लावू नका. जुना सरस प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा असेल तर कोमट, ओलसर फडक्याने तो मऊ पडतो. लाकडी हातोडीने हलके ठोके द्या, तेही पायावर मऊ लाकडाचा तुकडा धरूनच. कुसवावरचा सरस पटाशीच्या धारेने खरवडा. पॉलिश पेपरने घासलं तर सरसाबरोबर लाकूडही जातं आणि ढिलेपणा वाढतो. कुसू आधीच बारीक झालं असेल, तर त्यावर रंध्याने काढलेली त्याच लाकडाची पातळ ढलपी सरसाने गुंडाळा, सुकू द्या आणि मापात आणा. मग सगळं एकदा कोरडंच जोडून पाहा.

शेवटच्या टप्प्यात त्रिकोणी पाय त्रास देतो. साधा क्लॅम्प सपाट पृष्ठभाग शोधतो; इथे पकडल्यावर तो सरकतो आणि कडेचा चुरा करतो. त्यासाठी आधी ‘व्ही’ आकाराची खाच असलेले लाकडी ठोकळे करून घ्यावे लागतात, आत कॉर्कची पट्टी लावून. किंवा चारही पायांभोवती दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पीळ द्यायचा. बेताचा दाब येतो आणि तो सगळीकडे समान असतो. आवळल्यावर खुर्ची सपाट जागेवर ठेवून चारही पाय टेकतात का ते पाहा आणि बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. चौकट समोर रुंद, मागे अरुंद असली तरी कर्ण सारखे यायला हवेत. २४ तास हात लावायचा नाही. इपॉक्सी, म्हणजे एकदा धरला की न सुटणारा गोंद, वापरू नये असं माझं मत. पुढच्या माणसाला ती खुर्ची उघडता आली पाहिजे.

बैठक

वेताची बैठक हा या खुर्चीचा सगळ्यात हलका आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग. ताणलेलं विणकाम चौकटीच्या चारही बाजू आत ओढत असतं. म्हणजे बैठक नुसती भार घेत नाही, चौकटीला ताणात ठेवते. विणताना वेत पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून मऊ करतात. सुकताना तो आकसतो आणि जाळी ताठ होते. विणतानाच जरुरीपेक्षा जास्त ओढला, तर सुकल्यावर बारीक चौकट आतल्या बाजूला वाकते. सैल ठेवला तर वर्षभरात खड्डा पडतो. हे माप हातात असावं लागतं, ते फूटपट्टीने मोजता येत नाही. कासिनाने सांगाड्याचे भाग यंत्राने केले तरी बैठक हातानेच विणली जाते, ती यामुळे.

घरी घ्यायची काळजी फार नाही. बैठकीवर उभं राहायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. वजन पसरलेलं असेल तर वेत ते पेलतो, एका बिंदूवर आलं तर तुटतो. खड्डा पडायला लागला असेल आणि पट्ट्या तुटल्या नसतील, तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं फिरवा. वरची बाजू चकचकीत साल असल्याने पाणी घेत नाही, खालची घेते. मग एक दिवस सावलीत, न बसता. लाकडी चौकटीला पाणी लागू देऊ नका, नाहीतर बैठक ताठ करता करता सांधे सोडवून बसाल. अगदी कोरड्या खोलीत वेत ठिसूळ होतो; रेडिएटरला चिकटून खुर्ची ठेवणं म्हणजे बैठकीचं आयुष्य निम्मं करणं.

पायांची टोकं बारीक असल्याने मऊ लाकडाच्या जमिनीवर खळगे पडतात. पातळ फेल्ट चिकटवा, पण चारही पायांना एकाच जाडीचं. एक निघून पडलं की खुर्ची तीन पायांवर डुलते आणि दोष सांध्यांना दिला जातो.

कार्यशाळेत अडचण सोडवत वस्तू घडवण्याची कासिनाची सवय पोंतीबरोबर संपली नाही. विको माजिस्त्रेत्तीच्या मारालुंगा सोफ्याची (१९७३) पाठ वर उचलली की डोक्याला आधार मिळतो आणि खाली दुमडली की सोफा बुटका होतो. आतल्या यंत्रणेत सायकलची साखळी आहे. मारियो बेल्लिनीच्या कॅब खुर्चीत (१९७७) पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर जाड चामडं पायांपर्यंत झिपने चढवलं आहे. तीन वेगळे डिझायनर, तीन वेगळी साहित्यं, पण प्रत्येक वेळी कल्पना उभी राहते ती कार्यशाळेत सोडवलेल्या एका अडचणीवर. लाकडात ती अडचण सांध्याची, सोफ्यात बिजागरीची, चामड्यात शिवणीची.

पोंतीच्या बाबतीत मला एकच गोष्ट खटकते, आणि त्यात त्याचा दोष नाही. विशेषणांशिवायची खुर्ची म्हणजे कुणाच्याही स्वयंपाकघरात सहज सरकवता येणारी खुर्ची. निवडक लाकूड, हाताचं विणकाम आणि नावाभोवती जमलेलं वलय यांमुळे आज ती महागड्या दालनात दिव्याखाली ठेवलेली असते. ‘प्रसिद्ध’ हे विशेषण तिला चिकटलं, ते आता निघत नाही.

नकलाही त्यामुळेच भरपूर. ओळखायची असेल तर आधी उचला. बहुतेक नकली खुर्च्या इथेच सापडतात, कारण मोडू नये म्हणून त्यांचे पाय जाड ठेवलेले असतात. मग पायाच्या खालच्या टोकापासून वर बोट फिरवा. त्रिकोण शेवटपर्यंत स्पष्ट लागला पाहिजे आणि जाडी हळूहळू वाढत गेली पाहिजे. गोल केलेला किंवा चौकोनी पाय नुसता कडा मारून त्रिकोणी भासवलेला असेल, तर बोटाला लगेच कळतं. शेवटी उलटी करून विणकामाची खालची बाजू पाहा. यंत्राने विणलेली जाळी चौकटीच्या खाचेत दोरीने ठोकून बसवलेली असते. ही खाच आणि दोरी दिसली, की पुढे काही पाहायची गरज नाही.